परिषद, पंगत आणि पुणे

महाविद्यालयीन विद्यार्थी चर्चासत्रासाठी, म्हणजे एखाद्या विषयाच्या अभ्यासकांनी दोन-तीन दिवस एकत्र येऊन शोधनिबंध वाचावेत आणि त्यांवर चर्चा करावी अशा सभेसाठी, परगावी जातो, तेव्हा त्याच्या वेळेवर आणि पैशावर दोन हक्क एकाच वेळी सांगितले जातात. पहिला हक्क सभागृहाचा असतो, कारण प्रवासभत्ता, नोंदणीशुल्क आणि गैरहजेरीची सवलत ही सारी सोय सभागृहातील कामासाठी झालेली असते. दुसरा हक्क त्या शहराचा असतो, कारण ते शहर पाहण्याची आणि तेथे चार पदार्थ चाखण्याची संधी लहान गावातल्या विद्यार्थ्याला पुन्हा केव्हा मिळेल हे सांगता येत नाही. पुण्यात हा पेच अधिक तीव्र होतो, कारण तेथे महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर पडताच इतिहास आणि उपाहारगृहे शेजारी शेजारी उभी असतात.

प्रस्तुत संवादातील दोन्ही पात्रे कल्पित असली, तरी त्यांच्या भूमिका कोणत्याही इतिहास विभागात ऐकू येतील अशा आहेत. एक आहेत मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी इतिहास शिकवणारे ज्येष्ठ अध्यापक; दुसरी त्यांच्याच विभागात एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली विद्यार्थिनी, जिचा निबंध एकोणिसाव्या शतकातील समाजसुधारणेवरील एका चर्चासत्रात स्वीकारला गेला आहे. कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या बाजूला तिने स्वतःची यादी लिहिली आहे : पाताळेश्वर, शनिवारवाडा, केळकर संग्रहालय, फुले वाडा, आगाखान पॅलेस, सिंहगड, आणि यांच्या मधल्या वेळात मिसळ, अमृततुल्य चहा, बन-मस्का, मस्तानी. वादाला सुरुवात या यादीपासूनच होते.

अध्यापक : या यादीत सहा ठिकाणे आणि चार पदार्थ आहेत, आणि चर्चासत्र दोनच दिवसांचे आहे. सगळे बसवायचे म्हटले की काही तरी वगळावे लागते, आणि आजवर पाहिले आहे ते असे की वगळले जाते ते दुसऱ्या दिवशीचे दुपारचे सत्र. बीजभाषणाला, म्हणजे चर्चासत्राची दिशा ठरवणाऱ्या पहिल्या व्याख्यानाला, सभागृह भरलेले असते. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मात्र बाहेरगावची मुले रिकाम्या खुर्च्यांपुढे निबंध वाचतात. तुझा निबंध त्याच सत्रात आहे. ऐकणारे सिंहगडावर गेलेले असले, तर तुला चालेल का?

विद्यार्थिनी : नाही चालणार, सर. ते सत्र सोडायचे नाही, आणि सिंहगड यादीतून काढला तरी चालेल. पण पहाटेचा आणि संध्याकाळचा वेळ कोणाच्या सत्रातून चोरलेला नाही. त्या वेळात निवासाच्या खोलीत बसून राहणे म्हणजे अभ्यास आणि बाहेर पडणे म्हणजे मौजमजा, ही विभागणी पटत नाही.

अध्यापकांच्या या पहिल्याच आक्षेपात नैतिक बळ आहे हे मान्य करावे लागते. चर्चासत्रातील श्रोता ही केवळ स्वतःच्या लाभासाठी आलेली व्यक्ती नसते. तिचे उपस्थित असणे हे दुसऱ्या कोणाच्या तरी कामाला दिलेले मोल असते, आणि ते मोल सर्वांत कमी कोणाला मिळते तर ज्याला त्याची सर्वाधिक गरज असते त्या नवख्या अभ्यासकाला. विद्यार्थिनीने हा मुद्दा ताबडतोब स्वीकारल्यामुळे वाद वेळेच्या हिशेबावरून पुढे सरकतो आणि खऱ्या प्रश्नाशी येतो : शहर पाहणे आणि शहरात जेवणे यांना ज्ञानव्यवहारात काही स्थान आहे की नाही?

अध्यापक : स्थान आहे, पण ते फार लहान आहे. शनिवारवाड्याचेच उदाहरण घे. १७३० मध्ये पायाभरणी, १७३२ मध्ये वास्तुशांत, १८२८ च्या आगीत आतली लाकडी इमारत नष्ट. आज तेथे तटबंदी, दिल्ली दरवाजा, जोती आणि कारंज्यांच्या खुणा आहेत. पेशव्यांचे राज्य कसे चालत होते हे त्या जोत्यांवरून कळत नाही, ते पेशवे दफ्तरातल्या कागदांवरून कळते. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० मध्ये याच शहरात स्थापन झाले आणि इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी उभे आयुष्य कागद मिळवण्यासाठी गावोगाव हिंडण्यात घालवले. तेही हिंडले, पण ते कागदासाठी.

विद्यार्थिनी : राजवाडे हिंडले म्हणूनच त्यांना कागद मिळाले, सर, आणि ज्यांच्या घरी कागद होते त्यांच्या ओट्यावर बसल्याशिवाय ते मिळत नव्हते. शिवाय पुण्यात विद्वानांची सभा आणि जेवणावळ या दोन गोष्टी वेगळ्या होत्या तरी कधी? पेशव्यांची श्रावणमासातली दक्षिणा आठवा.

येथे विद्यार्थिनी ज्या प्रथेचा उल्लेख करते ती थोडक्यात अशी होती. श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याचा परिपाठ सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावी सुरू केला होता, आणि दाभाड्यांचा प्रभाव ओसरल्यावर पेशव्यांनी तो पुण्यात चालू ठेवला. दूरदूरच्या प्रांतांतून शास्त्री-पंडित त्या महिन्यात पुण्यात येत, त्यांच्या विद्येची परीक्षा होई, नामांकितांना शालजोड्या आणि मोठी दक्षिणा मिळे, तर उरलेल्यांना पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या रमणा नावाच्या बंदिस्त आवारात रक्कम वाटली जाई. प्रवास, परीक्षा, भोजन आणि मानधन ही चारही अंगे असलेला हा मेळावा आजच्या परिषदेचा दूरचा पूर्वज मानण्यास हरकत नाही. पुढे इंग्रजी अमलात याच दक्षिणेच्या निधीतून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, आणि तिच्याच परंपरेतून डेक्कन कॉलेज उभे राहिले. विश्रामबागवाड्यासमोरून मिसळ खायला जाणारा विद्यार्थी ज्या रस्त्याने जातो, त्या रस्त्यावर पुण्यातील आधुनिक उच्च शिक्षणाची सुरुवात झाली आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

अध्यापक : उदाहरण चांगले आहे, पण ते तुझ्या विरुद्ध जाते. त्या मेळाव्यात प्रवेश एकाच वर्णाला होता. १८४९ मध्ये दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथांसाठी खर्च करावा असा अर्ज सुधारकांनी केला, तेव्हा सनातनी मंडळी चवताळली आणि जोतीराव फुल्यांना सुधारकांच्या पाठीशी उभे राहावे लागले. ज्ञानाच्या सभेला जेवणावळ जोडली की ज्ञान मागे पडते आणि पंक्तीचे नियम पुढे येतात, असेच यातून दिसते.

विद्यार्थिनी : पण पंक्तीचे नियम सभेपासून दूर ठेवले म्हणून ते नाहीसे होतात का, सर? ते फक्त दिसेनासे होतात. पंचहौदाच्या चहात ते दिसले.

पंचहौद मिशनचे चहा प्रकरण हे या वादाच्या केंद्राशी असलेले प्रकरण आहे, आणि ते जरा विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पूर्व भागातील पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या केंद्रात, व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली होती आणि त्यांत न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक हेही होते. व्याख्यानानंतर चहा आणि बिस्किटे देण्यात आली. काहींनी ती घेतली, काहींनी पेल्याला हात लावला नाही. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांच्या पुढाकाराने उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापली गेली, आणि त्यातून ग्रामण्य उभे राहिले. ग्रामण्य म्हणजे जातीचे नियम मोडल्याच्या आरोपावरून धर्मसत्तेपुढे चालणारा आणि बहिष्कारापर्यंत जाऊ शकणारा वाद. शंकराचार्यांच्या वतीने चौकशी झाली, आणि रानडे व टिळक या दोघांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. त्या दिवशीच्या व्याख्यानाची आठवण आज कोणी काढत नाही; चहाची आठवण मात्र महाराष्ट्राच्या समाजसुधारणेच्या प्रत्येक इतिहासात आहे.

अध्यापक : आणि ती आठवण टिकली ती कशामुळे? रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत ते लिहून ठेवले, त्या वेळच्या वृत्तपत्रांनी छापले, म्हणून. पंचहौदाच्या चर्चजवळ आज उभे राहिलीस तर तुला मनोरा दिसेल, चहा दिसणार नाही. मंडईचेही तसेच आहे. १८८६ मध्ये मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने जी मंडई उघडली गेली, तिच्यावर इतका पैसा घालण्यास फुल्यांनी नगरपालिकेचे सदस्य असताना विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असे त्यांचे म्हणणे होते. आज त्याच इमारतीला महात्मा फुले मंडई म्हणतात. त्या अष्टकोनी मनोऱ्याखाली भाजी घेणाऱ्याला किंवा छायाचित्र काढणाऱ्याला हा विरोध कोठून कळणार? आधी वाचन, मग दर्शन; आणि वाचन झाले नसेल तर दर्शनाने उलट चुकीचे ज्ञान होते.

विद्यार्थिनी : वाचन आधी हवे, हे मान्य, निबंधासाठी ते झालेलेच आहे. पण नकाशा वाचनात कळत नाही, सर. विश्रामबागवाडा, मंडई, पंचहौद आणि गंज पेठेतला फुले वाडा ही ठिकाणे एकाच सकाळी पायी पाहता येण्याइतकी जवळ आहेत. दक्षिणेचा निधी, मंडईचा खर्च, चहाचे ग्रामण्य, आणि १८६८ मध्ये फुल्यांनी अस्पृश्यांसाठी खुला केलेला आपल्या घरचा हौद, हे चार प्रसंग पुस्तकात चार वेगळ्या प्रकरणांत येतात. चालताना लक्षात येते की ज्यांच्यात वाद चालले ते एकमेकांचे शेजारी होते. कोणी कोणाच्या घरचे पाणी प्यायचे हा प्रश्न त्यांच्यासाठी तात्त्विक नव्हता, रोज सकाळचा होता.

या उत्तराने अध्यापकांच्या भूमिकेत थोडा पालट होतो आणि ते स्वतःच एक दाखला पुरवतात. भारतीय राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, पहिले अधिवेशन डिसेंबर १८८५ मध्ये पुण्यात भरायचे ठरले होते, परंतु शहरात पटकीची साथ आली आणि अधिवेशन मुंबईला हलवावे लागले. म्हणजे देशाच्या राजकीय इतिहासातील एका परिषदेचे स्थळ अखेर पिण्याच्या पाण्याने ठरवले. याउलट नोव्हेंबर १९१९ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे पहिले अधिवेशन यथास्थित पार पडले, आणि त्यानंतर दूरच्या विद्यापीठांतील अभ्यासकांनी परिषदेसाठी पुण्यास येण्याचा प्रघात रुळत गेला. हे अभ्यासक कोठे उतरत आणि काय जेवत हा प्रश्न अध्यापकांना गौण वाटतो. विद्यार्थिनीला तो मुख्य वाटतो, आणि प्रस्तुत लेखकाचा कलही तिच्याच बाजूला आहे, कारण पुण्यात शिकायला येणाऱ्याचे जेवण हा त्या शहराच्या शैक्षणिक इतिहासाचा एक स्वतंत्र अध्याय आहे.

गरीब ब्राह्मण विद्यार्थी पूर्वी माधुकरी मागत, म्हणजे दुपारी ठरलेल्या घरांसमोर उभे राहून शिजवलेले अन्न घेत. काही जण वार लावून जेवत, म्हणजे आठवड्यातील प्रत्येक दिवस एकेका कुटुंबाकडे नेमून घेत. या व्यवस्थेने अनेकांची शिक्षणे झाली, पण ती जातीच्या कुंपणात चालत होती आणि कुंपणाबाहेरच्या मुलाला तिचा उपयोग नव्हता. म्हणूनच शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात काढलेल्या वसतिगृहांचे महत्त्व शाळांइतकेच मोठे ठरते. पुण्यात १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह, जे पुढे पुणे विद्यार्थी गृह झाले, आणि १९५५ मध्ये विद्यार्थी सहाय्यक समिती अशा संस्था निघाल्या आणि परगावच्या मुलाला आसरा मिळण्याची वाट रुंद झाली. आज सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी हजारो मुले अभ्यासिकेत बसतात आणि मासिक पैसे भरून मेसमध्ये जेवतात. त्यांतील पुष्कळशी मराठवाडा-विदर्भातून आलेली असतात.

विद्यार्थिनी : पहिल्या रात्रीचे जेवण अशाच एका मेसमध्ये ठरले आहे, सर. गावातले दोघे जण तिथे जेवतात. आपल्याकडची पोरे पुण्यात कशी राहतात हे समाजसुधारणेच्या निबंधाला जोडून येणारे आहे.

अध्यापक : ते ठीक. पण बन-मस्का आणि मस्तानी ही नावे यादीत कोणत्या सुधारणेसाठी आली आहेत? ती प्रत्येक प्रवाशाच्या यादीत असतात. लोक त्यांच्यासाठी रांग लावतात, छायाचित्र काढतात आणि पुणे पाहिले असे म्हणतात. शिवाय मस्तानीच्या पेल्याला जी ऐतिहासिक गोष्ट चिकटवली जाते, तिला पुरावा कोणता?

विद्यार्थिनी : पुरावा नाही, आणि तसे सांगितलेच पाहिजे. मस्तानी म्हणजे आटवलेल्या, घट्ट दुधात आइस्क्रीमचा गोळा घालून दिलेले पुण्याचे थंड पेय. बाजीरावांच्या मस्तानीशी त्याचा संबंध जोडणारी आख्यायिका इतिहास म्हणून पुढे करता येणार नाही. पण केळकर संग्रहालयात मस्तानी महाल पुन्हा उभारलेला आहे, तो पाहून मग ते पेय प्यायले तर लोकांच्या आठवणीत काय उरते आणि वस्तूंमध्ये काय उरते हे शेजारी ठेवून पाहता येते. बाकीच्या पदार्थांकडे दुसऱ्या बाजूने पाहा, सर. ज्याला आपण पुण्याचे खाणे म्हणतो ते कोणी आणले?

तिने पुढे मांडलेली जंत्री लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. फर्ग्युसन रस्त्यावरील वैशाली नावारूपाला आणणारे जगन्नाथ शेट्टी कर्नाटकातून आले होते, आणि महाविद्यालयीन पिढ्यांनी आपली चर्चा ज्या टेबलांभोवती केली ती टेबले त्यांच्या उपाहारगृहातली होती. डेक्कनवरील कॅफे गुडलक १९३५ पासूनचे इराणी हॉटेल आहे, म्हणजे इराणातून आलेल्या स्थलांतरितांनी चालवलेल्या, चहा आणि बन-मस्का यांसाठी प्रसिद्ध असलेल्या हॉटेलांपैकी एक. लष्कर भागातील कयानी बेकरीची परंपराही इराणीच आहे. अमृततुल्य, म्हणजे पितळी भांड्यात आले आणि वेलदोडा कुटून घालून सतत उकळत ठेवलेल्या चहाची छोटी दुकाने, बहुतांशी राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी रुजवली. लक्ष्मी रस्त्यावरील पूना गेस्ट हाउस मूकपटांचे दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी काढले. बाकरवडीसाठी सर्वत्र ओळखले जाणारे चितळे मूळचे सांगली जिल्ह्यातील भिलवडीच्या दुग्धव्यवसायातून पुण्यात आले. बाहेरून येणाऱ्यांना सामावून घेण्याची पुण्याची क्षमता मोजायची असेल, तर सभागृहातील भाषणांपेक्षा या दुकानांच्या पाट्या अधिक विश्वासार्ह साक्ष देतात, हे तिचे विधान थोडे अतिशयोक्त आहे, पण चुकीचे नाही.

अध्यापक : मग या यादीत एक नाव नाही, ते घाल. डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने १९७४ मध्ये कष्टाची भाकर सुरू केली. ना नफा ना तोटा या तत्त्वावर हमालाला, रिक्षावाल्याला, बांधकाम मजुराला पोटभर जेवण मिळावे म्हणून. एक गाव एक पाणवठा ही चळवळही आढावांचीच. फुले वाड्यातल्या हौदाचा धागा पुढे कोठे गेला हे तुला पाहायचे असेल, तर फुले वाड्यावरून निघून झुणका-भाकर खायला तेथे जा, आणि मग फर्ग्युसन रस्त्यावर जायचे तर जा. सरकारी प्रवासभत्त्यात बसेल असे जेवणही तेथेच मिळेल.

ही सूचना अध्यापकांकडून यावी ही गोष्ट वादाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्यांचा विरोध शहराला नव्हता. तयार यादी घेऊन शहरातून फिरण्याला होता, आणि ज्या यादीत दाम जास्त आणि नाव मोठे तीच ठिकाणे असतात तिच्याविषयी त्यांना वाटणारी चिंता रास्त आहे. मात्र विद्यार्थिनीने शेवटी उपस्थित केलेला मुद्दा त्यांच्यासाठीही अनपेक्षित आहे.

विद्यार्थिनी : सर, चर्चासत्राच्या जेवणाविषयीही एक विचारायचे आहे. मागच्या वेळी एके ठिकाणी गेलो होतो, तिथे विषय सामाजिक समतेचा होता. प्रमुख पाहुणे, सत्राध्यक्ष आणि प्राध्यापक यांचे जेवण वरच्या मजल्यावर होते, विद्यार्थ्यांची कुपने वेगळ्या रंगाची होती आणि रांग मांडवात होती. ज्यांच्या पुस्तकांवरून निबंध लिहिले, त्यांच्याशी बोलण्याची एकच निवांत वेळ होती, आणि त्या वेळी मध्ये जिना होता.

अध्यापक : पाहुण्यांना परतीच्या गाड्या असतात. वयस्क मंडळींना रांगेत उभे करता येत नाही. त्यात भेदाचा हेतू नसतो.

विद्यार्थिनी : हेतू नसेल. पण वयस्कांसाठी खुर्ची खाली आणता येते. गाडीची घाई असेल तर त्यांना आधी वाढता येते. जेवण वेगळ्या खोलीत ठेवण्याची गरज कशाने पडते? पंचहौदावर निदान सगळ्यांपुढे पेले एकाच खोलीत ठेवले होते, म्हणून कोण पितो आणि कोण नाही हे कळले तरी. इथे तेही कळत नाही.

अध्यापकांनी यावर युक्तिवाद केला नाही. वेगळ्या भोजनव्यवस्थेची सवय इतकी जुनी आणि इतकी सोयीची झालेली आहे की ती लिहून ठेवलेला नियम नसूनही नियमासारखी पाळली जाते, आणि समाजसुधारणेचा इतिहास तीस वर्षे शिकवणाऱ्याच्याही लक्षात ती सहसा येत नाही. चर्चासत्रात प्रश्नोत्तरांसाठी पाच मिनिटे उरतात आणि त्यांतली तीन सत्राध्यक्ष घेतात. नवख्या विद्यार्थ्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने विचारला जातो तो हातात ताट असताना, आणि ज्या संयोजकाला ज्ञानाची देवाणघेवाण हवी आहे त्याने या ताटांमधले अंतर आधी कमी केले पाहिजे.

संवादाच्या अखेरीस कार्यक्रम असा ठरला : सिंहगड आणि आगाखान पॅलेस या खेपेस वगळायचे, पहिल्या दिवशी पहाटे अमृततुल्य चहा घेऊन विश्रामबागवाड्यापासून फुले वाड्यापर्यंत चालत जायचे आणि साडेनऊला नोंदणीच्या टेबलाशी हजर व्हायचे, रात्री मेस, आणि चर्चासत्र संपल्यावर कष्टाची भाकर. केळकर संग्रहालयाला एक तास पुरणार नाही असे अध्यापकांचे मत होते, तेव्हा ते मुक्काम एका दिवसाने वाढवता आला तरच. निबंध वाचून झाल्यावर, समारोप सत्राआधी मस्तानीसाठी निघण्याची परवानगी अध्यापकांनी अखेरपर्यंत दिली नाही. संयोजकांना पाठवायच्या नोंदणी अर्जात भोजनासाठी दोन रकाने होते, ‘मार्गदर्शक प्राध्यापक’ आणि ‘विद्यार्थी प्रतिनिधी’. अध्यापकांनी स्वतःच्या नावापुढे दुसऱ्या रकान्यात खूण केली आणि अर्ज तिच्याकडे दिला.